हलू नका, विहीणबाई!

कमळाकरला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, ही गोष्ट खुद्द कमळाकर सोडून साऱ्या पेणला ठाऊक होती. पण त्याचा जावई हर्षद नोकरीला मस्कतला, आणि ही बातमी तिथपर्यंत पोचली नव्हती. त्यात एकदा फोनवर बोलता बोलता कमळाकरच्या तोंडून निघून गेलं, "फोटोचं म्हणाल जावईबापू, तर आपला हात बसलाय त्यात." बसलाय म्हणजे काय, तर पतपेढीच्या सहलीत त्यानं दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं होतं, तेसुद्धा दुसऱ्यानं सांगितल्यावर. जावई बिचारा सरळ माणूस. त्यानं श्रावणात सुटीवर येणाऱ्या मित्राबरोबर सासऱ्याला चक्क एक डिजिटल कॅमेरा धाडून दिला.

साल सत्त्याण्णव. डिजिटल हा शब्द पेणेत तोवर फक्त घड्याळाला लावत. या कॅमेऱ्यात रोल नव्हता. कॉम्प्युटरची फ्लॉपी पोटात सरकवायची, बटण दाबायचं, आत जरा वेळ घर्र घर्र व्हायचं आणि फोटो फ्लॉपीवर. मागे छोटासा पडदा, त्यावर फोटो लगेच दिसायचा. शेजारचे केरूभाऊ, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, वास घेतला आणि विचारलं, "पण मग धुवायला कुठं टाकायचा?" धुवायचाच नसतो, हे कमळाकरनं त्यांना समजावून सांगितलं. केरूभाऊंना ते काही पटलं नाही.

आता हा कॅमेरा कशासाठी, ते सांगायला हवं. कमळाकरची लेक पूजा रोह्याला दिलेली. लग्नाचे फोटो काढायला कमळाकरनं बायकोच्या मावसभावाला सांगितलं होतं, घरचा माणूस म्हणून. घरच्या माणसानं दिवसभर मांडवात धावपळ केली, लोकांना रांगेत उभं केलं, हसायला लावलं, आणि संध्याकाळी कळलं की रोल आत नीट बसलाच नव्हता. एक फोटो आला नाही. आठवड्यानं हर्षद मस्कतला गेला, तो पासपोर्टसाठी काढलेला पूजाचा फोटो पाकिटात घालून. आणि तेव्हापासून रोह्याच्या विहीणबाई, म्हणजे विमलबाई, चारचौघांत एकच वाक्य बोलायच्या, "आमच्या हर्षदचं लग्न झालं हाय, पण ते तोंडानं सांगावं लागतं. दाखवायला काय नाय." हे वाक्य कमळाकरच्या पोटात सुईसारखं जाऊन बसलं होतं. व्याह्यांना, म्हणजे विमलबाईंच्या यजमानांना, कमी ऐकू येई, त्यामुळे ते सुखी होते.

यंदा पूजाचा पहिला ओवसा होता. नव्या सुनेनं गौरीपुढे फळं, भाज्या, नारळ भरलेलं सूप ओवाळायचं, असा तो मान. पण तो दरवर्षी नाही. गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच. गेल्या वर्षी हुकली होती, आणि पंचांग बघणारे सांगत होते, यंदा साधलं नाही तर पुढची दोन वर्षं नाव काढू नका. हर्षदला रजा मिळत नव्हती. तो फोनवर म्हणाला, "मामा, पूजाचा ओवसा घेतानाचा एक तरी फोटो काढा. एकच, पण चांगला. बायकोचा धड फोटो नाही हो माझ्याकडे." आवाज जरा वेगळाच लागला होता त्याचा. कमळाकर म्हणाला, "निर्धास्त राहा."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की विमलबाईंकडे ओवसा दिवेलागणीनंतर असतो. म्हणजे फोटो रात्रीचा.

त्याच रात्री सराव सुरू झाला. बायकोला, अनिताला, त्यानं पैठणी नेसवून दारात उभं केलं आणि फ्लॅश मारला. पडद्यावर अनिता उमटली ती तांदळाच्या पिठात तोंड बुचकळल्यासारखी पांढरीफटक, डोळे लालभडक, आणि मागची भिंत, तोरण, समई सगळं गुडुप. "ही मी?" अनितानं विचारलं. मग फ्लॅश बंद करून काढला. आता भिंत दिसली, समई दिसली, पण अनिताला चार हात आले आणि नाकाच्या जागी धूर. "जरा हललीस," कमळाकर म्हणाला. "डास चावला," अनिता म्हणाली. पुढचे तीन दिवस घरात ह्याच दोन वाक्यांची देवाणघेवाण चालली.

शेजाऱ्यांना अर्थातच सुगावा लागला. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर डॉक्टर एक आणि सल्लागार चाळीस, कॅमेऱ्याचंही तेच. कोणी म्हणालं, समोर पांढरी चादर धरा. कोणी म्हणालं, भिंगाला व्हॅसलीन चोळा, सिनेमावाले चोळतात. कमळाकरनं कडेला अगदी बोटभर चोळून बघितलं आणि ते पुसण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. केरूभाऊंचं मत वेगळंच. "रातच्याला गाडी चालवताना आपुन काय करतो? डिपर मारतो. नुसता सारखा लाइट मारला तर समोरचा आंधळा होतो. तुमच्या कॅमेऱ्याचं तेच झालंय." हे ऐकायला एकदम शास्त्रीय वाटलं. पण कॅमेऱ्याला डिपर कुठून मारायचा, ते केरूभाऊंना सांगता येईना.

शेवटी पुन्हा मस्कतला फोन. बूथवरच्या मीटरचे आकडे भराभर पळत होते, पण हर्षदनं नीट समजावलं. चंद्राचं चित्र आहे तिथे बटण फिरवा. मग कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा राहतो, एखादी चांगली लांब जांभई होईल एवढा. तेवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये आणि समोरचं माणूसही हलता कामा नये. जो हलेल तो पुसला जाईल. "कॅमेरा हातात धरू नका मामा, स्टँडवर ठेवा."

स्टँड! पेणेत स्टँड कशाला कमी? अख्खं गाव गणपती करतं. कमळाकर तडक शिवाच्या कारखान्यात गेला. शिवा त्याचा शाळेतला दोस्त, आता मोठा मूर्तिकार. कारखान्यात मूर्ती रंगवायचे लोखंडी स्टँड असतात, कमरेइतके उंच, वर लाकडी पाट. चतुर्थीला दोन दिवस होते आणि शिवाच्या हातात ब्रश, तोंडात ब्रश, कानावर ब्रश. "स्टँड?" तो ब्रश न काढताच म्हणाला. "आता जीव माग, स्टँड मागू नकोस. गणपती गेले की घेऊन जा हवे तेवढे." चतुर्थीला कारखाना रिकामा झाला तसा कमळाकर गेला आणि त्यातल्या त्यात भक्कम बघून एक उचलून आणला. शिवा कोपऱ्यात मेल्यासारखा झोपला होता, त्याला उठवणं कमळाकरच्या जिवावर आलं. हा पाट गोल फिरतो, मूर्तीला सगळीकडून रंग लावता यावा म्हणून फिरतो, हे पेणेत जन्म घालवलेल्या माणसाला लक्षात यायला हरकत नव्हती. पण ते आलं नाही.

गौरीपूजनाच्या दिवशी दुपारी कमळाकर, अनिता, ओवशाचं सामान आणि स्टँड असे चौघे रोह्याच्या एसटीत चढले. कंडक्टर स्टँडपाशी थांबला. "ह्याचं लगेज लागंल. काय हाय हे?"

"कॅमेऱ्याचं स्टँड."

कंडक्टरनं त्या रंगानं माखलेल्या लोखंडाकडे बघितलं. "गणपतीचं हाय की."

"होतं. आता कॅमेऱ्याचं आहे."

"मंग यंत्र लावू का फर्निचर?"

यावर गडब गावचा थांबा येईपर्यंत वाद झाला. मागच्या सीटवरच्या बाईनं "गणपतीच्या पाटाचे कसले पैसे घेतोस रं?" म्हणून कंडक्टरलाच झापलं आणि स्टँडला हात लावून नमस्कार केला. मग पुढच्याही दोघींनी केला. कंडक्टरही वरमला, पण कायदा म्हणून त्यानं फर्निचर लावलंच. नागोठण्यापर्यंत येणारा जाणारा पाटाला हात लावून पुढे सरकत होता आणि कमळाकर खिडकीबाहेर बघत बसला होता. त्याला कोणी ओळखीचं भेटू नये एवढीच इच्छा होती.

विमलबाई दारातच उभ्या. त्यांनी स्टँडकडे पाहिलं, कमळाकरकडे पाहिलं. "आमच्याकडं गौर बसली हाय व्याही. तुम्ही आनखी एक गणपती कशापायी आनलाव?"

"फोटोसाठी आहे हो, विहीणबाई."

"व्हय? मागल्या येळेला आत रोल नव्हता. आता काय नाय?"

"आता रोल लागतच नाही," कमळाकर म्हणाला. बाईंनी कपाळाला हात लावला.

पूजाचा दीर प्रणित मात्र उत्साही पोरगा. धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला होता. त्यानं सार्वजनिक मंडळाचे दोन हॅलोजन आणून ठेवले होते. "मामा, काय घाबरू नका. रात्रीचा दिवस करून टाकतो." काळोख पडताच त्यानं दोन्ही हॅलोजन एकदम लावले. क्षणभर खरंच दिवस झाला. गौरीचे दागिने, मखर, कोपऱ्यातलं कोळीष्टकसुद्धा लखलखलं. मग बाहेर खांबावर फाटकन आवाज झाला आणि अख्ख्या आळीचे दिवे गेले. चहूकडून ज्या काय शिव्या आल्या, त्या सणाच्या दिवशी लिहिण्यासारख्या नाहीत.

प्रणित आणि कमळाकर धावत विजेच्या ऑफिसात. सणामुळे एकच साहेब ड्यूटीवर, तेही मोदक खाऊन सुस्तावलेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "मीटर कोणाच्या नावावर?"

"माझ्या आजोबांच्या," प्रणित म्हणाला.

"मग तक्रार त्यांनी द्यायची. बोलवा त्यांना."

"ते वारले साहेब. मी शाळेत होतो तेव्हा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे इतकी वर्षं वीज मयत माणूस वापरतोय? हे तुम्ही मला सांगायलाच नको होतं. आता मला आधी ते बघावं लागेल." कमळाकरनं हात जोडले, लेकीचा पहिला ओवसा सांगितला, पूर्वा नक्षत्र सांगितलं, मस्कतही सांगितलं. साहेब हळहळले. माणूस वाईट नव्हता. "लाइनमन आला की पाठवतो," ते म्हणाले. "तो गौरीच्या जेवणाला सासुरवाडीला गेलाय." ती सासुरवाडी पार पेण तालुक्यात, गागोद्याच्या पलीकडे होती.

दोघे परतले तर घर बायकांनी गच्च भरलेलं. आळीत दिवे नाहीत म्हणून जी ती आपल्या घरची समई, निरांजन, कंदील घेऊन आलेली, आणि गौरीपुढे दिव्यांचा नुसता थाट झाला होता. पूजा हिरव्या नऊवारीत, नाकात नथ, हातात सूप घ्यायच्या तयारीत. बापाला बघून हसली. कमळाकरला वाटलं, एवढी गोड दिसतेय पोर, आणि हिचा एक फोटो नाही, तो आपल्यामुळे! काही होवो, आज तो निघालाच पाहिजे, असं त्यानं ठरवलं आणि स्टँड मांडला.

ओवसा सुरू झाला. पूजानं सूप उचललं, गौरीपुढे ओवाळलं. कमळाकरनं चंद्रावर बटण फिरवून दाबलं आणि हात काढला. हात काढताना पाटाला बोट लागलं. पाट, अगदी सावकाश, शिवाच्या कारखान्यात फिरायचा तसा, फिरायला लागला. गौर, पूजा, वीस-पंचवीस बायका आणि दरवाजा, सगळ्यांवरून कॅमेरा नजर फिरवून आला. पडद्यावर नुसती केशरी रेघ. कमळाकरनं पाटाखाली नारळाची शेंडी कोंबली. दुसऱ्या फोटोत पाट थांबला, पण सूप हलतं, त्यामुळे पूजा कमरेच्या वर गायब. तिसऱ्यातही तेच. आणि फ्लॉपीची घर्र घर्र थांबते न थांबते तोच कोपऱ्यात बॅटरीचं लाल चित्र लुकलुकायला लागलं. चार्जिंग करावं तर वीज नाही.

"पूजा, थांब!" कमळाकर ओरडला. "सूप तसंच धर. हलू नकोस. कोणीच हलू नका!"

सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. ओवसा मध्येच थांबवायचा? असं कधी कोणी ऐकलंय? विमलबाई तर भडकल्याच. "अवो व्याही, हा ओवसा हाय का कवायत? देवीफुडं पोरीला थांब म्हनताव?"

तेव्हा कोपऱ्यातून आजेसासू ठमाबाई बोलल्या. म्हातारी आळीतली सगळ्यांत जुनी, रीतिभातीत तिचा शब्द शेवटचा. तिनं तंबाखूची गुळणी गालात सरकवली. "सूप उचाललं की पाच येळा होईस्तवर खाली ठेवायचा नाय, अशी रीत हाय गो. थांबायचा नाय, असा कोनी सांगितला?" कायद्यातली फट सापडली होती. "पन खाली ठेवशील नाय हां पोरी," म्हातारीनं वर बजावलं.

पूजा थांबली. सूप हातांवर, नजर बापाकडे. सूप म्हणजे काय थोडं वजन? आत नारळ, काकड्या, केळ्यांची फणी, भोपळा. तिचे हात थरथरायला लागले. कमळाकर पडद्यात बघत होता, हात थरथरताहेत हे त्याला दिसत होतं आणि बटण दाबायचा धीर होत नव्हता. लाल चित्र लुकलुकत होतं. "पोरी, जरा घट्ट," तो काकुळतीनं म्हणाला.

"घट्ट काय घट्ट!" विमलबाई कडाडल्या. "तुमच्या फोटोपायी पोरीचे हात मोडायचे हायेत का? लग्नाच्या येळेला तेच, आता तेच! सांगतोय मानूस, दिस हाय तवर काढा, तर नाय. हॅलोजन काय, फिरता पाट काय, अख्खी आळी काळोखात घातली..." बोलता बोलता त्या पुढे आल्या, पूजाच्या बाजूला उभ्या राहिल्या, आणि आवाज न थांबवता स्वतःचे दोन्ही हात सुपाखाली घातले. सूप स्थिर झालं.

कमळाकरनं बटण दाबलं.

"हलू नका, विहीणबाई!"

"मी कुठं हलतंय? मी बोलतंय! बोलायची बी चोरी हाय काय आता माझ्याच घरात?"

त्या जांभईभर वेळात विमलबाई लग्नापासून आजपर्यंतचं सगळं बोलून मोकळ्या झाल्या. कॅमेऱ्यानं घर्र घर्र सुरू केलं, आणि ते संपलं तसा पडदा काळा पडला. बॅटरी मेली. फोटो आला की गेला, बघायची सोय नाही. उरलेला ओवसा पार पडला, बायका पाया पडल्या, दिवे घेऊन घरोघर गेल्या. कमळाकर ओट्यावर स्टँडशेजारी बसून राहिला. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाला. त्याला स्वतःचा एवढा राग आला होता की कॅमेरा उचलून कुंडलिका नदीत भिरकावून द्यावा असं वाटत होतं. थोड्या वेळानं विमलबाई ताट घेऊन बाहेर आल्या आणि आदळलं म्हणावं अशा बेतानं ते त्याच्यापुढे ठेवलं. "जेवा. फोटो नाय तर नाय, उपास कशापायी?"

दुसऱ्या दिवशी प्रणित फ्लॉपी घेऊन शिफ्टला गेला. कंपनीच्या कॉम्प्युटरवरून त्यानं फोटो मस्कतला ई-मेल केला आणि एक कागदावर छापून घेऊन संध्याकाळी घरी आला. तोंडावरून काही कळू देईना. कागद त्यानं समईपाशी पसरला आणि सगळी डोकी वर वाकली.

अंधार, आणि दिव्यांचा पिवळा, लोण्यासारखा उजेड. मागच्या बायका म्हणजे नुसता हिरवा-लाल धूर, कोणाला तीन डोकी, कोणाला एकही नाही. आणि मधोमध पूजा. नथीचा मोती न मोती दिसत होता. कपाळावरचा घाम दिसत होता. डोळे सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत. पूजानं आपलाच फोटो बघून पदर तोंडाला लावला. कमळाकरला पुढचं काही दिसेना, त्यानं चष्मा काढून पुसला.

"आनि मी?" विमलबाईंनी विचारलं. "मी बाजूलाच व्हते की. माझं तोंड कुठं हाय?"

पूजाच्या शेजारी हिरव्या लुगड्याचा एक उभा पट्टा होता आणि वर, तोंडाच्या जागी, ढग. "विहीणबाई," कमळाकर भीत भीत म्हणाला, "तुम्ही... बोलत होतात."

प्रणित फस्सकन हसला. पूजाच्या सासऱ्यांना ऐकू आलं नव्हतं, तरी तेही हसले. विमलबाईंनी तोंड उघडलं, आणि आता कमळाकरचं काही खरं नाही असं सगळ्यांना वाटत असतानाच फोन वाजला. मस्कत. विमलबाईंनीच उचलला. "बघितलास काय? तुझ्या सासऱ्यानं माझं तोंडच..." एवढं बोलून त्या थांबल्या. पलीकडून हर्षद काहीतरी बोलत होता. त्या ऐकत राहिल्या. विमलबाई नुसतं ऐकताहेत, हे त्या घरात कोणी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मुकाट्यानं फोन पूजाच्या हातात दिला आणि पदरानं डोळे टिपले.

"काय म्हणाले जावईबापू?" कमळाकरनं विचारलं.

विमलबाईंनी कागद उचलून दिव्याजवळ धरला. आता सगळ्यांना दिसलं. सुपाच्या खाली, पूजाच्या कोवळ्या हातांना लागून, आणखी दोन हात होते. रापलेले, शिरा वर आलेले, हिरव्या बांगड्यांचे, आणि पूजाइतकेच स्पष्ट. केसभरही हलले नव्हते.

"म्हनाला, सूप कोनी धरलंय ते वळखलं," विमलबाई म्हणाल्या. मग नाक ओढलं आणि कागद कमळाकरच्या पुढ्यात सरकवला. "व्याही, ह्यो जरा मोठा करून काच बसवून आना. भिंतीला लावायचा हाय. तोंड नसलं तरी चालंल."